कामाचं गणित (भाग ५) : आधी कोणता लॉट?

मागच्या भागात एकाच यंत्रापुढची रांग पाहिली. तिथे कामं कशीही लावली, तरी शेवटचं काम संपायची वेळ तीच राहते. यंत्रं दोन झाली की हिशेबच पालटतो.

समजा, एका मशीन शॉपमध्ये चार लॉट आले आहेत. प्रत्येक लॉट आधी लेथवर पूर्ण करायचा, मग ग्राइंडरवर न्यायचा. शाफ्टला लेथवर ५ तास आणि ग्राइंडरवर २. बुशला ६ आणि ३. स्पिंडलला ४ आणि ५. पिनांना १ आणि ६. आल्या क्रमाने कामं घेतली, तर पहिले ५ तास ग्राइंडर नुसता उभा. शाफ्ट उरकून तो पुन्हा ४ तास बुशची वाट बघत बसतो. शेवटी पिनांचं ग्राइंडिंग संपतं तेव्हा २६ तास झालेले असतात. लेथचं काम तर १६ तासांतच आटोपलेलं असतं! अशा वेळी सुपरवायझर ओव्हरटाइम लावतो आणि मालक दुसऱ्या ग्राइंडरचं कोटेशन मागवतो.

यावर अमेरिकेतल्या रँड संस्थेचे गणिती सेल्मर जॉन्सन यांनी १९५४मध्ये एक नियम मांडला. सगळ्या वेळांमधला सर्वांत लहान आकडा शोधा. तो पहिल्या यंत्राचा असेल, तर ते काम रांगेत सगळ्यात पुढे लावा. दुसऱ्याचा असेल, तर सगळ्यात मागे. ते काम बाजूला काढून उरलेल्यांना हाच नियम लावत जा.

आपल्याकडे सर्वांत लहान आकडा पिनांचा, लेथवरचा १. म्हणून पिना पुढे. मग शाफ्टचे ग्राइंडरवरचे २, म्हणून शाफ्ट शेवटी. बुशचे ३ ग्राइंडरवरचेच, म्हणून बुश शाफ्टच्या आधी. मधल्या जागी स्पिंडल. आता ग्राइंडर तासाभरातच कामाला लागतो आणि सगळं १८ तासांत उरकतं. आठ तासांची अख्खी शिफ्ट वाचली, तीही एक रुपया न घालता.

याहून कमी वेळ शक्यच नाही. लेथचं एकूण काम १६ तासांचं, आणि तिथून शेवटी सुटणाऱ्या लॉटला ग्राइंडरवर किमान २ तास हवेतच.

तिसरं यंत्र आलं की मात्र हा सोपेपणा संपतो. नेहमीच अचूक आणि झटपट उत्तर देणारी रीत अशा मांडणीसाठी आजवर सापडलेली नाही. सगळे क्रम तपासावेत म्हटलं, तर दहाच लॉटचे ३६,२८,८०० क्रम होतात. म्हणून कारखाने ‘पुरेसं चांगलं’ उत्तर शोधतात. १९८३मध्ये नवाझ, एन्स्कोर आणि हॅम यांनी सुचवलेली रीत आजही वापरात आहे : एकूण वेळ जास्त लागणारं काम आधी हाती घ्या आणि पुढचं प्रत्येक काम रांगेत जिथे सर्वांत कमी वेळ वाढवेल, तिथे घुसवा.

पुढच्या भागात प्रत्येक लॉटची वाट वेगळी असेल तेव्हा काय होतं ते पाहू. दहा कामं आणि दहा यंत्रांचं १९६३चं एक कोडं सुटायला २६ वर्षं का लागली, हेही तिथेच कळेल.