घर आहे की दुकान? आईच्या पोळीभाजीवरून सुरू झालेला एपिसोड

या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी मेसेज केले की "दादा, लिहून टाक, घरी वाचून दाखवायचंय." म्हणून हे लिखित रूप. बोलताना अडखळलो होतो तो भाग काढलाय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

तर गोष्ट अशी. पर्वतीच्या पायथ्याजवळच्या वस्तीत आमचं घर आहे. एक खोली आणि वर पोटमाळा. मी दिवसभर हिंजवडीत कोड लिहितो आणि आई पहाटे चारपासून पोळ्या लाटते. रोजचे चाळीस डबे. माझ्या बी.टेक.ची फी याच पोळपाटावरून निघाली आहे, हे मी ऑफिसात अभिमानाने सांगतो.

मध्यंतरी पुनर्वसनासाठी सर्व्हे करणारी माणसं आली. त्यांनी विचारलं, "मावशी, हे घर आहे की दुकान?" आई म्हणाली, "घर." त्यांनी 'निवासी' या रकान्यात खूण केली, अंगठा घेतला, फोटो काढला आणि पुढच्या दाराला गेले.

संध्याकाळी मी विचारलं, "अगं आई, धंदा का नाही सांगितलास?"

"अरे, दुकान म्हटलं तर लाइटचं बिल वाढवतील. आणि उद्या म्हणतील, इथे धंदा करता ना, मग घर कशाला?"

तिचं चुकलं असं म्हणवत नाही. पण त्या एका खुणेचा अर्थ असा की उद्या सातव्या मजल्यावर फ्लॅट मिळेल आणि शेगड्या, पिठाची पोती, सकाळी डबे न्यायला येणारी मुलं, यांचं काय करायचं ते कुणीच ठरवलेलं नसेल. घर मिळेल, पण कमाई जाईल. आजचा विषय हाच आहे.

दोन टेबलं, जोडणी नाही

माझ्या भाषेत सांगतो. सरकारी डेटाबेसमध्ये 'घर' हे एक टेबल आहे आणि 'व्यवसाय' हे दुसरं. दोन्हीत आई आहे, पण दोघांना जोडणारा धागाच नाही. घराची योजना एका खात्याची, धंद्याचं कर्ज दुसऱ्याचं. प्रत्यक्षात वस्तीतलं घर म्हणजेच गाळा असतो. खाली शिलाई मशीन, वर झोपायची जागा. दारात भाजीची पाटी, आत तिचं गोडाऊन.

हे आधी ओळखलं ते वस्तीत काम करणाऱ्या संस्थांनी. त्यातल्या तीन पुण्यातच आहेत, आणि आपल्यातल्या बहुतेकांना त्यांची नावंही माहीत नसतात.

अन्नपूर्णा: धंदा बुडतो तो घरातल्या संकटाने

सुरुवात मुंबईत होते. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावात अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायका. किराणा उधारीवर, पैसा सावकाराकडून. या बायकांचे गट करून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून द्यायचं, हे ते काम. पुढे प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली.

त्यांची मुलगी मेधा पुरव-सामंत बँकेत अधिकारी होत्या. त्यांनी १९९३ मध्ये पुण्यात भाजीवाल्या बायकांसोबत काम सुरू केलं. आजचा अन्नपूर्णा परिवार त्यातून उभा राहिला. पद्धत साधी आहे: ओळखीच्या बायकांचा गट, एकमेकींची हमी, छोटं कर्ज, ते फेडलं की त्याहून थोडं मोठं.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. हप्ता चुकतो तो बहुतेक वेळा धंदा वाईट चालला म्हणून नाही. नवरा दवाखान्यात असतो, मूल लहान असतं, कमावतं माणूस गेलेलं असतं. म्हणून संस्थेने कर्जासोबत पाळणाघरं चालवली आणि सभासदांच्या पैशातून परस्पर विम्याचा निधी उभा केला. आजारपण, मृत्यू अशा वेळी त्यातून मदत. म्हणजे धंद्याला टेकू द्यायचा तर घरालाही द्यावा लागतो, हे त्यांच्या रचनेतच आलं.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल दादा जाहिरात करतोय. गटाची हमी म्हणजे एकीने हप्ता चुकवला तर बाकीच्यांवर ताण. शेजारणीशी बोलणं बंद होण्यापर्यंत गोष्टी जातात. त्यामुळे कुठल्याही गटात सही करण्याआधी 'एखादी थकली तर काय?' हा प्रश्न विचाराच.

येरवडा: घर तिथेच, शेजार तोच

आता घराकडे. माझी मावशी येरवड्यात राहते, त्यामुळे हे मी लहानपणापासून पाहिलंय.

२००५ च्या डिसेंबरात केंद्राने जेएनएनयूआरएम आणलं. त्यात शहरी गरिबांसाठी घरांची योजना होती. अनेक शहरांनी त्या पैशातून लांब कुठेतरी इमारती बांधल्या. येरवड्याच्या मदर तेरेसा नगर, शीला साळवे नगर अशा काही वस्त्यांत वेगळं झालं. स्पार्क ही संस्था, महिला मिलन आणि आर्किटेक्ट प्रसन्न देसाई यांनी महापालिकेबरोबर आहे त्याच जागी घरं बांधायचं ठरवलं. पक्की घरं तशीच ठेवायची, कच्ची पाडून तिथेच नवं बांधायचं. घर साधारण २७० चौरस फुटांचं. खर्चाचा हिशेब घरामागे ३ लाखांचा, त्यातला दहा टक्के कुटुंबाचा, बाकी केंद्र, राज्य आणि महापालिका.

ते दहा टक्के, म्हणजे ३० हजार रुपये, कुठून आणायचे? इथे महिला मिलनची बचत कामी येते. ही चळवळ १९८६ च्या सुमारास मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी स्पार्कसोबत सुरू केली. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी वेगवेगळ्या रकमांना वेगवेगळ्या रंगाचे तुकडे ठरवले होते. पिशवीतले रंग मोजले की झाला हिशेब. यूआय डिझाइन म्हणून याहून भारी मी काही पाहिलेलं नाही.

आणखी एक. सुरुवातीच्या आराखड्यांत एक पर्याय असा होता की घर खांबांवर उचलायचं आणि खालची जागा मोकळी ठेवायची: गाडी लावा, नाहीतर दुकान चालवा. म्हणजे घर काढणाऱ्याच्या डोक्यात धंदा होता.

सगळं गोड नव्हतं. बांधकाम चालू असताना राहायची सोय ज्याची त्याने करायची होती. ज्यांची जागा आधी मोठी होती त्यांना थोडी सोडावी लागली, त्यावरून भांडणं झाली. पण मावशीची गल्ली तीच राहिली, शेजारणी त्याच राहिल्या. तिच्याकडे फॉल-पिको करायला येणाऱ्या बायकांना नवा पत्ता शोधावा लागला नाही. धंद्याच्या दृष्टीने हे केवढं मोठं आहे, ते गिऱ्हाईक तुटलेल्या माणसालाच कळेल.

नकाशावर नसाल तर यादीत नाही

तिसरी संस्था माझ्या धंद्याच्या जवळची. १९९३ मध्येच पुण्यात प्रतिमा जोशी आणि त्यांच्या आर्किटेक्ट सहकाऱ्यांनी शेल्टर असोसिएट्स सुरू केली. बहुतेक नकाशांवर वस्ती म्हणजे एक करडा डाग असायचा. यांनी वस्तीतल्याच लोकांना सोबत घेऊन घरोघरी माहिती गोळा केली आणि ती जीआयएस नकाशावर चढवली: कुठलं घर कुठे, ड्रेनेजची लाइन कुठून जाते, संडास कुणाकडे नाही.

यातूनच 'वन होम वन टॉयलेट' हे काम उभं राहिलं. संस्था सामान दारापर्यंत आणून देते, बांधकाम कुटुंब स्वतः करतं. नकाशामुळे कळतं की कुठल्या घराला लाइन जोडता येईल. डेटाचा असा उपयोग कॉलेजात कुणी शिकवला नव्हता.

भिशी आणि तांदा

थोडं लांब जाऊ, कारण हेच सगळं सातासमुद्रापार तसंच घडलंय. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये 'मिशन' नावाचा भाग आहे. मेक्सिको, मध्य अमेरिकेतून आलेल्या लॅटिनो कुटुंबांचा. शेजारी टेक कंपन्या वाढल्या, भाडी भडकली, घरं गेली आणि त्याबरोबर छोटी दुकानंही. ओळखीचं वाटतंय ना?

त्या लोकांत 'तांदा' चालते. दहा जणांनी दर महिन्याला ठरावीक रक्कम टाकायची आणि दर महिन्याला एकाने उचलायची. अहो, ही तर आपली भिशी! फरक एवढाच की मिशन अॅसेट फंड या संस्थेने ती कागदावर आणली, बिनव्याजी ठेवली आणि प्रत्येकाचा भरणा क्रेडिट ब्युरोला कळवायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं वेळेवर पैसे भरणारी माणसं बँकेला पहिल्यांदा दिसली. त्याच भागात मेडा नावाची संस्था १९७३ पासून आहे. ती छोट्या धंद्यांना सल्ला देते आणि जुन्या इमारती विकत घेते, म्हणजे भाडेकरूही राहतात आणि खालचं दुकानही. दोन्ही टेबलं एका छताखाली.

आईने वीस वर्षांत एकही भिशी चुकवलेली नाही. पण माझ्या फोनवर माझा क्रेडिट स्कोअर दिसतो, तिचा दिसत नाही. कारण मी क्रेडिट कार्डवर बूट घेतले आणि तिने भिशीतून मिक्सर घेतला.

मग आपण काय करायचं?

आपल्या हातात फोन आहे, म्हणून तीन कामं आपलीच.

पहिलं, घरच्या धंद्याचा कागद करा. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. महाराष्ट्रात कामगार थोडेच असतील तर शॉप अॅक्टची फक्त सूचना ऑनलाइन द्यावी लागते. खाण्याचा धंदा असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणीही करा. कागदपत्रांत गोंधळ झाला तर पुण्यातली देआसरा ही संस्था छोट्या व्यवसायांना याच कामात मदत करते.

दुसरं, ऑनलाइन पैसे आईच्या किंवा बाबांच्या नावाच्या खात्यात येऊ द्या. क्यूआर कोड तुमच्या खात्याचा लावलात तर कमाई तुमची दिसते, त्यांची नाही.

तिसरं, सर्व्हे होईल तेव्हा घरी थांबा. एक दिवस सुट्टी टाका. काय लिहिलं जातंय ते वाचा आणि त्याचा फोटो काढून ठेवा.

मी थांबलो नव्हतो. म्हणून आता उद्यमचं प्रमाणपत्र, डबेवाल्या गिऱ्हाइकांची पत्रं आणि गॅसची बिलं जोडून आम्ही दुरुस्तीचा अर्ज दिलाय. पोच मिळाली आहे, उत्तर नाही. अर्जावर सही करताना आईने विचारलं, "पण मग हे नक्की काय लिहायचं? घर की दुकान?"

मी म्हणालो, "दोन्ही लिही."

ती थोडा वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हा रकाना तेव्हा होता का रे?"

होता. कुणी वाचून दाखवला नव्हता, एवढंच. तुमच्या घरी तो तुम्ही वाचून दाखवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.