पोरगी ‘सुधारली’ म्हणजे नेमके काय झाले?

लग्नानंतर लेक पहिल्यांदा माहेरी आली की दारातच तिची तपासणी होते. गाल भरलेले, बांगड्या घट्ट झालेल्या दिसल्या की शेजारची मावशी म्हणते, "पोरगी सुधारली गं, घर चांगलं मिळालं." गळ्याची हाडे वर आलेली दिसली की आईचा जीव कासावीस होतो. "वाळली माझी लेक. पोटाला घालत नाहीत वाटतं." अंगावर मांस चढणे आणि परिस्थिती बरी होणे, दोन्हींना आपल्या बोलण्यात एकच शब्द आहे. तो उगाच आलेला नाही. 1972च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या, सुकडीवर आणि लाल मिलोच्या भाकरीवर दिवस काढलेल्या बाया आज आपल्या वस्त्यांत आज्या म्हणून बसल्या आहेत. त्यांना भरलेल्या अंगात भरलेले घर दिसते, यात त्यांचे काय चुकले?

पण आमच्या ओळखीच्या एका घरात हा शब्द महागात पडता पडता राहिला. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. लहानपणी काडीसारखी, उंची चार फूट दहा इंच. नवऱ्याला कायम नोकरी, राहायला झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत सातव्या मजल्यावर खोली. सगळ्यांनी तिच्या भरलेल्या अंगाचे कौतुक केले. सातव्या महिन्यात दवाखान्यात साखरेचे पाणी पाजून रक्त तपासले, तर रक्तातली साखर वाढलेली निघाली. घरचे म्हणाले, "आपल्यात कुणाला साखर नाही. आणि हिला तर आत्ता कुठं चांगलं खायला मिळायला लागलं." ती पोरगी आम्हाला म्हणाली, "उपाशी होते तेव्हाही अशक्त, खायला लागले तरी आजारी. मग मी करायचं काय?" हा लेख तिच्या या प्रश्नामुळे लिहिला आहे.

आधी थोडे आकडे पाहू. 2019 ते 2021 या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी झाली. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या शंभर बायांमागे सुमारे 21 जणी मापापेक्षा बारीक भरल्या आणि 23 जणी जाड. रक्त कमी असलेल्या मात्र 54. म्हणजे बारीक नसलेल्या, चांगल्या अंगाच्या दिसणाऱ्या कितीतरी जणींच्या अंगातही रक्त नाही. देशभराचे चित्र पाहिले तर सगळ्यांत श्रीमंत गटात जाड बायांचे प्रमाण सगळ्यांत गरीब गटाच्या तिपटीहून जास्त आहे. पैसा आला की वजन वाढते, हे आज्यांचे म्हणणे इथपर्यंत खरे. पण वजन वाढते तसे रक्त वाढत नाही. श्रीमंत गटातही रक्त कमी असलेल्या बाया पुष्कळ आहेत.

इंग्लंड-अमेरिकेत हे चित्र उलटे झाले आहे. तिथे गरीब वस्तीतल्या आया जास्त जाड आणि पैसेवाल्या सडपातळ. मुंबई-पुण्याच्या मोठ्या सोसायट्यांतही ते दिसायला लागले आहे. एके काळी शेठाणी म्हटली की जाडजूड बाई डोळ्यांसमोर यायची. आता त्या घरात स्वयंपाकाला बाई, सकाळी चालायला बाग, व्यायाम शिकवायला माणूस, डब्यात कोशिंबीर आणि पनीर. बारीक राहणे हीही विकत घ्यायची वस्तू झाली. आणि तिथे भांडी घासायला जाणारी आपली ताई दिवसभर वाकून काम करते, तरी तिचे पोट सुटलेले असते. काही मालकिणी तिलाच सल्ला देतात, "जरा कमी खात जा." ती किती आणि काय खाते ते त्यांनी कधी पाहिलेले नसते.

आम्ही पाहिले आहे. पहाटे नळाला पाणी, मग पोरांचे डबे. स्वतःच्या पोटात चहा आणि दोन खारी. चार-पाच घरांची कामे उरकेपर्यंत आणखी दोन-तीन कप चहा. एखाद्या घरून कालची उरलेली बिर्याणी नाहीतर सणाची मिठाई, ती टाकवत नाही. दुपारी तीन-साडेतीनला कडकडून भूक लागलेली असताना भाताचा डोंगर आणि पातळ वरण. रात्री सगळ्यांचे झाल्यावर दहा वाजता उरलेले कोरड्यास, पोरांनी टाकलेली पोळी, तळाचा भात. दिवसाला पाच कप चहा, कपाला दोन चमचे साखर धरली तर नुसत्या चहातून 50 ग्रॅम साखर जाते. एका भाकरीहून जास्त उष्मांक त्यात येतात. पण त्यातून रक्त होत नाही की मांस.

हातात चार पैसे जास्त आले की आपल्या घरात आधी काय येते? तेलाचा मोठा डबा, साखर, फरसाण, पोरांना बिस्किटे, रविवारी थंड पेय. डाळ, अंडी, पालेभाजी नंतर. याला हावरटपणा म्हणणारे म्हणोत, आम्ही म्हणणार नाही. पाच रुपयांत पोराचे पोट शांत करणारी दुसरी वस्तू दुकानात नाही. पाकिटाला चूल लागत नाही, निवडावे लागत नाही, ते नासत नाही. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळते, पण ते बहुतेक गहू आणि तांदूळ. सणाला ‘आनंदाचा शिधा’ आला, त्यात एक किलो चणाडाळ होती, पण जोडीला साखर, रवा आणि पामतेलही होते. सरकारी पिशवी आणि दुकानाची पाटी दोन्ही आपल्याला एकाच दिशेने ढकलतात. बाईने एकटीने त्याला तोंड द्यावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

काहींना अवघड वाटेल, पण आरोग्याच्या पानावर लाज कसली म्हणून एक गोष्ट बोलतोच. आपल्या आज्यांच्या ताटात मोठ्याचे मटण, वजडी, वाळवलेल्या चान्या होत्या. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात ते सगळे लिहून ठेवले आहे. ते अन्न लादलेल्या गरिबीतून आले होते, त्याचे गोडवे गायचे कारण नाही. पण त्यातून मांस घडवणारी प्रथिने आणि रक्त बनवणारे लोह मिळत होते, तेही स्वस्तात. गाईवर बंदी आधीपासून होती. 2015 पासून महाराष्ट्रात बैल आणि वळूही त्यात आले. ताटातली ती जागा रिकामी झाली आणि ती डाळीने भरून निघाली नाही, वडापावने भरली.

आता त्या पोरीच्या प्रश्नाकडे येऊ. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. त्या आयांचे गरोदरपणाआधीचे सरासरी वजन 42 किलोच्या आसपास, उंची पाच फुटांच्या आसपास. बाळे सरासरी 2.7 किलोची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन शहरातल्या बाळांशी तुलना केली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. तिथली बाळे साडेतीन किलोची. आपली बाळे हाडामांसाने पुष्कळ लहान, पण चरबी मात्र त्या मानाने राखून ठेवलेली. पोटात अन्न कमी पडले तेव्हा बाळाच्या शरीराने मांसावर काटकसर केली आणि चरबी धरून ठेवली. बारीक दिसणारे, तरी आतून चरबीचे अंग असे आईच्या पोटातच तयार होते. मोठेपणी अशा अंगाला तेल आणि साखर भरपूर मिळाली की चरबी दंडावर-मांडीवर कमी आणि पोटात जास्त साठते. मधुमेह लवकर येतो. गरोदरपणात तर शरीर साखरेला आधीच जड झालेले असते.

डॉ. याज्ञिकांनी स्वतःचेच एक उदाहरण जगापुढे ठेवले आहे. 2004 साली त्यांचा आणि युडकिन नावाच्या इंग्रज डॉक्टरांचा फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. वजन आणि उंचीचे गुणोत्तर दोघांचे अगदी सारखे, 22.3. शरीरातली चरबी मात्र इंग्रज डॉक्टरांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. काटा दोघांना सारखेच समजत होता.

म्हणजे आपल्या पोरीला आजार सातव्या मजल्यावरच्या खोलीने दिला नाही आणि चांगल्या खाण्यानेही दिला नाही. तिची आजी दुष्काळात गरोदर होती, आई वीटभट्टीवर. वाटणीला अर्धपोट आलेल्या दोन पिढ्यांच्या अंगावर एकदम लिफ्ट, धुण्याचे मशीन, घरात नळ आणि पोटभर भात आला. पाणी भरणे, जिने चढणे बंद झाले, आणि ताट आधीचेच राहिले.

त्याच पुण्याच्या अभ्यासात आणखी दोन गोष्टी दिसल्या. ज्या आया पालेभाजी, फळे आणि दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळे चांगल्या अंगाची होती. आणि ज्या गरोदरपणात शेतात व घरात जास्त राबत होत्या त्यांची बाळे लहान होती. दुसरी गोष्ट बाबासाहेबांनी फार आधी मांडली होती. 1928 साली मुंबई कायदेमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या बायांसाठी प्रसूती लाभाचे विधेयक आले तेव्हा त्यांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे यात राष्ट्राचे हित आहे आणि त्याचा खर्च सरकारने व मालकाने उचलावा, असे त्यांनी सांगितले. 1929 साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. धुणीभांडी करणाऱ्या आपल्या बहिणीला मात्र आजही पगारी रजा मिळत नाही. नववा लागेपर्यंत ती लादी पुसत असते.

मग घरात काय करता येईल? सगळ्यांत आधी वाढण्याचा क्रम बदला. ज्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे त्या घरातही सून शेवटी जेवते, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो. गरोदर बाई सगळ्यांबरोबर बसली तर तिच्या वाटीत डाळीचा घट्ट भाग येईल, शेवटी बसली तर पाणी येईल. यासाठी एक पैसाही लागत नाही.

"दोन जिवांचं खा" म्हणून ताट दुप्पट करू नका. गरोदर बाईला रोज सुमारे 350 उष्मांक जास्त लागतात. म्हणजे एक भाकरी आणि वाटीभर घट्ट वरण. बाळंतिणीला अंगावर पाजताना त्याहून जास्त, सुमारे 600. डिंकाचे लाडू वाईट नाहीत, पण ते महिनाभरात पुन्हा जात्यावर बसणाऱ्या बाईसाठी होते. पलंगावर बसून सहा महिने रोज तीन खाल्ले तर काय होणार ते सांगायला नको. भाताचा डोंगर निम्मा करा आणि मोकळ्या झालेल्या जागेत अंडे, मोड आलेली मटकी, हुलगे, सोयाबीनची वडी, फुटाणे, शेंगदाणे घ्या. सुके बोंबील तर वजनाने निम्म्याहून जास्त प्रथिनेच असतात, फक्त नीट धुऊन मीठ कमी करा. तांदूळजा, घोळ, अंबाडी, शेवग्याचा पाला या भाज्या अजूनही बाजारात स्वस्त आहेत. तेल माणशी महिन्याला अर्ध्या-पाऊण लिटरपेक्षा जास्त जात असेल तर पळी छोटी घ्या.

लोहाच्या गोळ्या गरोदरपणात 180 आणि बाळंतपणानंतर 180 मिळतात, फुकट. चहासोबत घेऊ नका, कॅल्शियमच्या गोळीसोबतही नको. कच्चे तांदूळ, खडू, माती खावीशी वाटत असेल तर तो नुसता डोहाळा समजू नका, रक्त तपासा. साखरेची तपासणी नाव नोंदवताना एकदा आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांत करायची असते. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी मोफत होते. अंगणवाडीत नाव घातले की घरी न्यायचा आहार मिळतो. पहिल्या बाळंतपणाला मातृवंदना योजनेचे 5000 रुपये, दुसरी मुलगी झाली तर 6000. ते पैसे बाईच्या खात्यावर येतात. ते तिच्या ताटापर्यंत पोचतात की मोबाइलच्या हप्त्याला जातात, हे घरातल्या पुरुषांनी एकदा स्वतःला विचारावे.

मागच्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात आम्ही बायांना सुतळी वाटली. आपल्या उंचीइतकी सुतळी घ्यायची, मधोमध दुमडायची आणि बेंबीच्या जरा वर कमरेभोवती फिरवायची. टोके जुळली तर ठीक, अपुरी पडली तर पोटात चरबी जास्त. ज्यांच्याकडे शिंप्याची टेप आहे त्यांनी 80 सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच हे माप लक्षात ठेवावे. गरोदर बाईने आणि नुकत्या बाळंतिणीने हे करू नये. 47 किलोच्या एका ताईची सुतळी चार बोटे अपुरी पडली. सगळ्या हसल्या, तीही हसली. मग गप्प झाली. "मला तर सगळे सुकट म्हणतात," ती म्हणाली.

लेखात सुरुवातीला सांगितलेली पोरगी बाळंत झाली. साखर भात कमी करून, जेवणानंतर चालून आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ताब्यात राहिली. मुलगी झाली, 2.9 किलोची. अशा बाईची साखर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायची असते. तिची पाळी पुढच्या मंगळवारी आहे. सोबत आई जाणार आहे, आणि आजीही. आजी म्हणते, "माझंही रक्त काढा म्हणावं. बघू तरी दुष्काळानं आत काय ठेवलंय."