तपकीर गल्लीत ज्याचे भाग मिळतात तो अ‍ॅम्प

गिटारचा अ‍ॅम्प घ्यायला निघालेल्या पुण्यातल्या मुलाला सल्ला देणारे दोन पक्ष ठरलेले असतात. एक म्हणतो, आवाज हवा तर व्हॉल्व्हचाच घे, ट्रान्झिस्टरवाला नुसता पत्र्यासारखा वाजतो. दुसरा म्हणतो, आता सगळं डिजिटल आहे, एका डब्यात पन्नास अ‍ॅम्पचे आवाज मिळतात, जुन्या भानगडी कशाला? या दोघांच्या भांडणात साधा सॉलिड स्टेट अ‍ॅम्प ‘शिकाऊ मुलांचा’ म्हणून बाजूला पडतो. पुण्यात राहून वाजवणाऱ्याने मात्र आधी त्याचाच विचार करावा असं माझं मत आहे, आणि त्याचं मुख्य कारण स्वस्ताई नाही. कारण आहे बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. अ‍ॅम्प दहा-पंधरा वर्षं वापरायचा असेल तर तो कधीतरी बंद पडणार हे धरून चालावं. आणि बंद पडल्यावर त्याच्या पोटातला भाग गावात मिळतो का, हा प्रश्न दुकानातल्या पाच मिनिटांच्या वाजवण्यापेक्षा मोठा आहे.

तपकीर गल्ली म्हणजे पुण्याची इलेक्ट्रॉनिक्सची बाजारपेठ. गणपतीच्या आधी तिथे माळा आणि देखाव्यांच्या सामानासाठी मंडळांच्या कार्यकर्त्यांची झुंबड उडते, तर प्रोजेक्टच्या दिवसांत इंजिनिअरिंगची मुलं यादी घेऊन फिरतात. बीसी५४७, टीआयपी४१, २एन३०५५, टीएल०७२, टीडीए२०३० ही नावं काउंटरवर उच्चारली की पुढे काही समजावून सांगावं लागत नाही. सॉलिड स्टेट गिटार अ‍ॅम्प याच मालावर उभा असतो. २एन३०५५ हा जाडजूड ट्रान्झिस्टर १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आला. १९६४ साली दिल्लीत सुरू झालेल्या कॉन्टिनेंटल डिव्हाइस कंपनीने तो भारतातही बनवला. शिवाय १९४०पासून चालत आलेल्या अहुजांचे लाउडस्पीकर अ‍ॅम्प मांडवामांडवांतून दुरुस्त करत तयार झालेले मेकॅनिक आपल्याकडे आहेत. त्यांच्यापुढे गिटार हा शब्द काढला की ते थोडे बिचकतात, पण झाकण उघडलं की आउटपुटचं सर्किट ओळखीचंच निघतं.

व्हॉल्व्हच्या बाबतीत हे म्हणता येत नाही. आज गिटार अ‍ॅम्पचे नवे व्हॉल्व्ह मुख्यतः रशिया, चीन आणि स्लोव्हाकियातून येतात. मार्च २०२२मध्ये रशियाने निर्यातीवर बंधनं घातली तेव्हा जगभरच्या दुकानांत काही आठवडे घबराट होती. आउटपुटचे व्हॉल्व्ह वापराने झिजतात, ते बदलावेच लागतात, आणि आत चारशे व्होल्टच्या आसपास दाब खेळत असतो. त्या मानाने ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पमध्ये मेन्सचा भाग सोडला तर तीस-पस्तीस व्होल्टची प्लस-मायनस लाइन असते. आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं लोखंडही वाचतं. स्कूटरवर पाय ठेवायच्या जागेत अ‍ॅम्प घेऊन सिंहगड रोडहून कोथरूडला तालमीला जाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

यावरचा खरा आक्षेप आवाजाचा आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. व्हॉल्व्हचा आवाज हळूहळू फाटतो, ट्रान्झिस्टरचा एकदम कापला जातो, असं म्हणतात ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण कानाला जाणवणाऱ्या फरकाचा मोठा वाटा दुसरीकडे आहे. स्पीकरवर आठ ओहम लिहिलेलं असलं तरी तो सगळ्या सुरांना आठ ओहम नसतो. बारा इंची गिटार स्पीकर ८०-१०० हर्ट्झच्या आसपास स्वतःच्या अनुनादावर आला की त्याचा विरोध कित्येक पटींनी वाढतो, आणि वरच्या पट्टीतही तो चढत जातो. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्पीकरला सैल धरतो, त्यामुळे या दोन्ही ठिकाणी आवाज फुगतो आणि खालचा भरदारपणा, वरची धार मिळते. साधा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प स्पीकरला घट्ट आवळून ठेवतो. गाणी ऐकायच्या सिस्टिमला हा गुण. गिटारला तो कोरडा वाटतो. यावर उपाय जुना आणि क्षुल्लक किमतीचा आहे. स्पीकरच्या मायनस वायरीत पाव ओहमच्या आतबाहेरचा एक रेझिस्टर टाकायचा आणि तिथला सिग्नल अ‍ॅम्पला फीडबॅक म्हणून द्यायचा, की अ‍ॅम्प स्पीकरला सैल सोडतो. बऱ्याच चांगल्या सॉलिड स्टेट अ‍ॅम्पमध्ये ही युक्ती असते. मेकॅनिकने मात्र ध्यानात ठेवावं, की अशा अ‍ॅम्पमध्ये स्पीकरची मायनस वायर ही चासीची अर्थ नसते. ती चुकून चासीला जोडली की तो फीडबॅक संपला आणि आवाजाचा पोतही गेला.

ट्रान्झिस्टरची बदनामी झाली ती पहिल्या पिढीमुळे. फेंडरने १९६६मध्ये सॉलिड स्टेट मालिका काढली आणि ती फसली; तेव्हाचे आउटपुट ट्रान्झिस्टर जरा उष्णता वाढली किंवा स्पीकरची वायर शॉर्ट झाली की जायचे. पण त्याच दशकात वेस मॉन्टगोमेरी स्टँडेलच्या सॉलिड स्टेट अ‍ॅम्पवर वाजवत होता. बी. बी. किंगने पुढे लॅब सिरीजचा एल५ वापरला, तोही बिनव्हॉल्व्हचा. रोलंडचा जॅझ कोरस १२० हा १९७५चा, साठ-साठ वॉटचे दोन भाग आणि बारा इंची दोन स्पीकर असलेला. तो अजून बनतो आणि स्वच्छ आवाजाचं माप म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं. डाइमबॅग डॅरेलने तर रँडलच्या ट्रान्झिस्टरवर हेवी मेटल वाजवलं. म्हणजे ट्रान्झिस्टरने ना जॅझ अडतो, ना ब्लूज, ना मेटल.

निवडताना वॉटच्या आकड्याला फार मान देऊ नये. पन्नासऐवजी शंभर वॉट घेतले तर फरक पडतो फक्त ३ डेसिबलचा. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दसपट वॉट लागतात. उलट ९७ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर काढून १०० डेसिबलचा बसवला, तर अ‍ॅम्पला हात न लावता तेवढाच फायदा पदरात पडतो. म्हणून माझा कल तीस-चाळीस वॉट आणि दहा किंवा बारा इंची चांगला स्पीकर याकडे आहे. फिरोदिया करंडकाच्या तालमीला तेवढं पुरतं, मोठ्या स्टेजवर अ‍ॅम्पपुढे माइक असतोच, आणि सोसायटीतल्या शेजाऱ्यांना तेवढंही जास्त होतं.

डिजिटलवाल्यांचा मुद्दाही रास्त आहे: हेडफोन, रेकॉर्डिंग, शेकडो आवाज. कुणाला तेच हवं असेल तर जरूर घ्यावं. पण त्यातला मुख्य प्रोसेसर आणि त्यात भरलेला प्रोग्राम कंपनीच्याच हातात असतो. बोर्डावर तांदळाच्या दाण्याहून लहान भाग चिकटवलेले असतात आणि सर्व्हिस मॅन्युअल सहसा बाहेर येत नाही. कंपनीने मॉडेल बंद केलं की तो बोर्ड गेला. सेकंडहँड अ‍ॅम्प बघताना म्हणूनच मागचे स्क्रू काढून द्यायची विनंती करावी. पाय असलेले भाग, वाचता येणारे नंबर, चासीला नीट कसलेला हीटसिंक एवढं दिसलं तरी पुरे.

आता स्वतः बनवण्याविषयी. पैसे वाचवायला बनवू नये, वाचत नाहीत. ट्रान्सफॉर्मर, पेटी आणि स्पीकरमध्येच तयार अ‍ॅम्पची किंमत निघून जाते. बनवावा तो समजण्यासाठी, कारण ज्याने एक बनवला तो पुढचे दहा दुरुस्त करतो. एलएम३८८६ ही आयसी त्याला बरी: प्लस-मायनस २८ व्होल्टवर ती आठ ओहमला ३८ वॉट देते आणि शॉर्टपासून, उष्णतेपासून स्वतःला सांभाळते. त्यासाठी २०-०-२० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर चालतो. पुढच्या भागात टीएल०७२ घालून इनपुटला एक मेगाओहम ठेवावा. गिटारचा पिकअप कमी रेझिस्टन्सवर लावला की वरचे सूर मरतात, गिटार थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडल्यावर मंद वाजते ती यामुळेच. कंजुषी करू नये ती हीटसिंकवर. या मापाचा अ‍ॅम्प जोरात वाजताना वीसेक वॉट नुसती उष्णता टाकतो. हीटसिंक वॉटमागे दीड अंशाचा असेल तर तो हवेपेक्षा तीस अंशांनी तापतो, आणि एप्रिल-मेमध्ये पुण्याची हवाच चाळिशीला टेकलेली असते. आयसी घेताना नकली मालाचं भान हवं. छपाई बोटाने पुसली जात असेल किंवा भाव फारच पडलेला असेल, तर पुढच्या दुकानात जावं.

दुरुस्तीत पहिला संशय ट्रान्झिस्टरवर घेऊ नये. बहुतेक तक्रारी जॅक, स्विच, कंट्रोल आणि ड्राय सोल्डरच्या असतात. आवाज येतो-जातो असं होत असेल आणि मागे इफेक्ट लूप असेल, तर सेंड आणि रिटर्नमध्ये एक छोटी केबल लावून बघावी. आवाज परत आला तर रिटर्न जॅकचा संपर्क गंजला आहे, एवढाच रोग. घुमण्याचा आवाज असेल तर गिटारच उपयोगी पडते. जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा सूर ९८ हर्ट्झचा. घुमणं त्याच्या जवळपास, म्हणजे १०० हर्ट्झवर असेल तर पॉवर सप्लायचे कपॅसिटर म्हातारे झालेत. त्याच्या खालच्या सप्तकात, ५० हर्ट्झवर असेल तर दोष अर्थिंगचा किंवा शील्डिंगचा. जुन्या वाड्यांत तिसऱ्या पिनेला अर्थच नसते. तिथे अ‍ॅम्पची तिसरी पिन काढून टाकणं हा घुमण्यावरचा उपाय नव्हे. तारेला हात आणि माइकला ओठ लागले की ते जिवावर बेतू शकतं.

फ्यूज पुन्हापुन्हा उडत असेल तर मात्र आउटपुट गेलं असं समजावं. जळालेला एकच ट्रान्झिस्टर बदलून लगेच मेन्सला लावला की नवाही जळतो, कारण त्याच्यासोबत ड्रायव्हर ट्रान्झिस्टर आणि एमिटरचे ०.२२ किंवा ०.३३ ओहमचे रेझिस्टर बहुधा गेलेले असतात. जोडी बदलावी, खालचा अभ्रक आणि पेस्ट नवी घालावी आणि स्पीकर काढून ठेवावा. मग अ‍ॅम्प साठ वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बच्या सिरीजमध्ये लावावा. एलईडीचा बल्ब इथे कामाचा नाही. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक, तसाच लख्ख राहिला तर आत अजून शॉर्ट आहे. मंदावल्यावर स्पीकरच्या टोकांवर मीटर धरून डीसी पाहावा. तो पन्नास मिलीव्होल्टच्या आत आला की बल्ब काढायचा आणि सगळ्यात शेवटी स्पीकर जोडायचा.