न दुखणारे वर्तुळ

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात, त्याच नावाच्या नदीच्या मुखाजवळ, लाइम आणि ओल्ड लाइम ही झाडीने वेढलेली लहान गावे आहेत. १९७५ साली तेथील पॉली मरे या गृहिणीने राज्याच्या आरोग्य खात्याकडे आपले गाऱ्हाणे नेले. त्या स्वतः, त्यांचे पती आणि मुले यांना वर्षानुवर्षे पुरळ, ताप आणि सांधेसूज यांनी ग्रासले होते. शेजारच्या घरांतील मुलांचेही गुडघे सुजत होते. कित्येक डॉक्टरांनी हे मनाचे खेळ म्हणून त्यांची बोळवण केली होती. त्या मात्र चिकाटीने प्रत्येक दुखण्याची नोंद करीत राहिल्या. येल विद्यापीठाचे ॲलन स्टीअर यांनी तपास केला, तेव्हा त्या परिसरात असे ५१ रुग्ण आढळले आणि त्यांत ३९ मुले होती. मुलांचा संधिवात असा घोळक्याने येत नसतो. पुढे विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या पोटात मळसूत्रासारखे जंतू दिसले आणि गावाचे नाव मिळालेल्या या रोगाचे मूळ सापडले.

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क या राज्यांत मुलेबाळे स्थायिक झालेल्या कुटुंबांना हा रोग दूरचा नाही. आईवडील नातवंडांना भेटायला बहुधा उन्हाळ्यातच जातात आणि मे ते जुलै हाच अपक्व गोचिडींचा सुगीचा काळ. खसखशीच्या दाण्याएवढा हा जीव अंगणातील उंच गवतातून किंवा पाचोळ्यातून पायावर चढतो. त्याचा दंश दुखत नाही. मात्र जंतू शरीरात उतरण्यासाठी गोचीड साधारणतः २४ तासांहून अधिक काळ चिकटून राहावी लागते. म्हणून बागेतून आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, जांघेत आणि केसांत रोज तपासणी केली, तर धोका बराच टळतो.

पहिली अवस्था ३ ते ३० दिवसांत दिसते. दंशाच्या जागी चट्टा उमटतो आणि दिवसेंदिवस पसरत जातो. कधी तो वीतभराहूनही मोठा होतो. मधला भाग फिकट आणि कडेला लाल वलय, हे छायाचित्रांतले रूप प्रत्येक रुग्णात दिसत नाही. गव्हाळ वा सावळ्या त्वचेवर तर लाली ठळक होत नाही. चट्टा मुका मार लागल्यासारखा जांभळट भासतो. तो सहसा खाजत नाही, दुखतही नाही, आणि घात होतो तो इथेच. खाजणाऱ्या पुरळाला मलम लावले जाते, न दुखणाऱ्या डागाकडे कोण पाहते? सोबत ताप, थकवा, अंगदुखी असली, तरी ‘प्रवासाचा शीण’ म्हणून ती सोडून दिली जाते. सुमारे २० ते ३० टक्के रुग्णांत तर चट्टा दिसतच नाही.

या टप्प्यावर रक्ततपासणीच्या भरवशावर राहू नये. प्रतिपिंडे तयार होण्यास काही आठवडे लागतात, त्यामुळे आरंभीचा अहवाल निर्दोष येऊ शकतो. जाणते डॉक्टर चट्टा पाहूनच उपचार सुरू करतात. डॉक्सिसायक्लीनसारखे प्रतिजैविक १० ते १४ दिवस घेतल्यास बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात.

दुर्लक्ष झाल्यास काही आठवड्यांत जंतू रक्तावाटे पसरतात. अंगभर चट्टे उठतात, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते, मान ताठरते. काहींच्या हृदयाचे ठोके मंदावून भोवळ येते. हृदयाच्या या लक्षणाला एक दिवसही थांबणे योग्य नाही. महिन्यांनंतरची तिसरी अवस्था मुख्यतः गुडघ्याची: मोठी सूज, त्या मानाने वेदना कमी.

गोचीड चिकटलेली आढळल्यास बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी. रॉकेल, तेल किंवा पेटती काडी यांनी तिच्या अंगातील द्रव त्वचेत उतरण्याचा धोका वाढतो. दंशाची तारीख लिहून ठेवावी आणि डॉक्टरांना लगेच विचारावे, कारण ७२ तासांच्या आत दिलेली औषधाची एक मात्रा कित्येकदा रोगच टाळते.

लक्षणे मायदेशी परतल्यावर उमटली, तर प्रवासाचे ठिकाण आणि दिवस डॉक्टरांना आपणहून सांगावेत. पुण्या-कोल्हापुरात वाकडा झालेला चेहरा पाहून त्यांचे लक्ष मेंदूच्या रक्तवाहिन्यांकडे जाणे स्वाभाविक आहे. न्यू जर्सीच्या अंगणातील गोचीड त्यांना कशी आठवणार?