माळीण : उतारावरची माती

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या जलाशयापलीकडे भीमाशंकराच्या डोंगररांगांत वसलेले, बहुतांशी महादेव कोळी शेतकऱ्यांचे माळीण गाव ३० जुलै २०१४ च्या सकाळी वरून सुटलेल्या दरडीखाली गाडले गेले आणि सुमारे दीडशे माणसे प्राणांस मुकली. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी.च्या चालकाला गावाच्या जागी चिखलाचा ढिगारा दिसला, तेव्हा कोठे ही वार्ता बाहेर पोहोचली. जिल्हा परिषदेची शाळा मात्र बचावली.

डोंगर एका सकाळी कोसळला असे आपण म्हणतो. परंतु सह्याद्रीचा कोणताही उतार सावकाश न्याहाळला, तर माती तेथे निरंतर उतरतच असते हे ध्यानात येते. पावसाने फुगलेला थर उताराशी काटकोन करून उचलला जातो आणि वाळताना सरळ खाली बसतो, त्यामुळे प्रत्येक ऋतुचक्रात तो यत्किंचित पुढे सरकतो. म्हणूनच अशा ठिकाणी झाडांचे बुंधे मुळाशी धनुष्यासारखे वाकून मग वर जातात, कुंपणाचे खांब कलतात आणि खाचराच्या दगडी बांधाला मधोमध पोट सुटते. हे पोट पाहावयास शिकणे मला कोणत्याही पंचनाम्याहून मोलाचे वाटते.

संततधार लागली की ही मंद चाल बदलते. मुरलेले पाणी माती-मुरूम ओलांडून अखंड कातळापाशी अडते, कणांमधील पाण्याचा दाब वाढतो, त्यांची परस्परांवरील पकड सुटते आणि जड झालेला सगळा थर एकदम निसटतो.

उतारावर दगड रचून भातखाचरे काढण्याच्या ‘पडकई’ या जुन्या सामुदायिक रीतीवर दुर्घटनेनंतर पुष्कळ दोषारोप झाला. मला तो सरसकट मान्य नाही. हाताने रचलेल्या बांधाच्या फटींतून पाणी झिरपून जाते. यंत्राने डोंगराचा पायथा कोरणे आणि पाण्याच्या वाटा बुजविणे ही गोष्टच निराळी.

वाचलेल्या कुटुंबांसाठी जवळच आमडे येथे नवे गावठाण उभारून २ एप्रिल २०१७ रोजी त्याचे लोकार्पण झाले. तेथेही डोंगरउतारच सपाट करावा लागला होता. त्याच जूनमधील पहिल्या मोठ्या पावसात भराव खचला, रस्त्यांना भेगा पडल्या आणि दुरुस्तीची कामे नव्याने काढावी लागली.