शेवाळाची हजेरी घेतो प्रकाश!

स्पिरुलिनाची टाकी हिरवीगार दिसली म्हणजे वाढ जोरात आहे, असं नसतं. पेशी दाट झाल्या की एकमेकींवर सावली पाडतात आणि वाढ मंदावते. मग काढणी नेमकी कधी करायची? इथे कामाला येतो साधा जुगाड. एका बाजूला एलईडी, समोर फोटोडायोड. पेशी वाढल्या की प्रकाश विखुरतो, पलीकडे कमी पोहोचतो. ६८० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश हरितद्रव्यच शोषून घेतं, म्हणून दाटपणा मोजायला बहुतेकदा ७५० नॅनोमीटर वापरतात. प्रोजेक्टसाठी विषय शोधणाऱ्यांनो, एक मात्र लक्षात ठेवा, मेलेली पेशीही प्रकाश अडवते! त्यामुळे नुसत्या आकड्यावर जाऊ नका, अधूनमधून एक थेंब मायक्रोस्कोपखाली बघाच.