जुनी गाडी आणि चालकाचा पाय

चैत्री यात्रेच्या दिवसांत जोतिबाच्या डोंगराकडे जाणाऱ्या चढावर गाड्यांची रांग लागते. तेथे रस्त्याच्या कडेला उभे राहून नुसते कान दिले, तरी कोणती गाडी कशी चालविली जात आहे, हे न पाहता सांगता येते. एखादे इंजिन केकाटत असते. एखादे थरथरत, कण्हत वर चढत असते. आणि एखादी पंचवीस वर्षांची गाडी एकसारख्या आवाजात माथा गाठते. जुनी गाडी वयाने झिजते हे खरे. पण त्याहून अधिक ती चालविणाऱ्याच्या सवयींनी झिजते. याची कारणे येथे थोडक्यात पाहावयाची आहेत.

कोडोलीसारख्या गावात हा विषय चैनीचा नव्हे. कित्येक घरांतली पहिली मोटार दुसऱ्याकडून घेतलेली असते. रात्री-अपरात्री आजारी माणसाला कोल्हापूरला न्यावयाचे, तर तिच्यावरच भिस्त. खासगी मोटारीची नोंदणी पहिल्याने पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणीत उतरली तर ती पाच वर्षांनी वाढते. या वाढीव आयुष्यात गाडी भरवशाची राहणे न राहणे, हे बरेचसे आपल्या हाती, किंबहुना आपल्या पायात आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. वारणाकाठच्या शेतकऱ्याला तेलाच्या इंजिनाची ओळख जुनी. विहिरीवरची ती संथ इंजिने मिनिटाला साधारण ६५० फेऱ्यांनी डुगडुगत वर्षानुवर्षे पाणी ओढीत. त्यावरून ‘संथ फिरते ते टिकते’ असा समज रुजला आणि तोच आम्ही मोटारीला लावला. आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती. पेट्रोल वाचावे आणि इंजिनाला त्रास होऊ नये, म्हणून पन्हाळ्याच्या चढावरसुद्धा आम्ही ती होता होईतो वरच्या गिअरमध्येच ठेवीत असू. एके दिवशी खालून टकटक ऐकू येऊ लागली. मिस्त्रीने इंजिन खोलले, झिजलेली बेअरिंगे आमच्या तळहातावर ठेवली आणि म्हटले, “साहेब, गाडी पळवून न्हाई, वढून मारलीसा.”

त्याचे म्हणणे शास्त्राला धरून होते. इंजिनाचा क्रँकशाफ्ट बेअरिंगमध्ये फिरतो, तो तेलाच्या अगदी पातळ थरावर तरंगत. हा थर टिकतो तो शाफ्टच्या स्वतःच्या फिरण्याने. फिरता फिरता तो तेल आपल्याखाली ओढून घेतो. फेऱ्या कमी आणि ॲक्सिलरेटर मात्र तळापर्यंत दाबलेला, अशा वेळी स्फोटाचा दाब मोठा असतो, पण त्याला झेलणारा थर पातळ झालेला असतो. मग धातू धातूला घासतो. विहिरीवरच्या इंजिनाला जड फ्लायव्हील असे आणि त्याची घडणच त्या संथ गतीसाठी केलेली असे. मोटारीचे हलके इंजिन तसे नाही.

याच्या उलट टोकही तितकेच घातक. पद्मिनीच्या इंजिनात दट्ट्याचा एक पल्ला ७५ मिलिमीटरचा. मिनिटाला ३००० फेऱ्या धरल्या, तर एका तासात प्रत्येक दट्ट्या सिलिंडरच्या भिंतीला घासत २७ किलोमीटर प्रवास करतो. ४५०० फेऱ्यांना तो सुमारे ४० किलोमीटर होतो. शिवाय दर खेपेला दट्ट्याला थांबवून उलट फिरविण्यास लागणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेऱ्या दीडपट झाल्या, की हा जोर सव्वादोन पट होतो. जुन्या, सैल झालेल्या भागांवर हा भार तासन्‌तास टाकू नये.

तेव्हा मार्ग मधला. अशा पेट्रोल गाडीला सपाटीवर सुमारे २००० ते ३००० फेऱ्या मानवतात. फेऱ्यांचा काटा नसला तरी बिघडत नाही. ॲक्सिलरेटर किंचित दाबून पाहावा. गाडी आनंदाने पुढे सरकली तर गिअर योग्य. कुरकुरली, थरथरली तर एक गिअर खाली घ्यावा, आणि तोही चढ अंगावर येण्यापूर्वी. चांगला गाडीवान चढाच्या अर्ध्यावर बैलांना चाबूक मारीत नाही. पायथ्याशीच त्यांची चाल बांधून घेतो.

आता थंड इंजिनाविषयी. रात्रभर उभ्या गाडीतले तेल खाली ऑइल चेंबरमध्ये उतरलेले असते. सकाळी सुरू करताच जोराने रेस करणे म्हणजे कोरड्या भागांना घासणे होय. अर्धा मिनिट थांबावे आणि पहिले तीन-चार किलोमीटर सावकाश जावे. मात्र दहा-दहा मिनिटे जागच्या जागी इंजिन चालू ठेवू नये. चोक ओढलेला असताना जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन नेते. घर ते मळा एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या गाडीचे तेल कधी पुरते तापत नाही, त्यातली पाण्याची वाफ बाहेर पडत नाही आणि तेल बिघडते. अशा गाडीला आठवड्यातून एकदा कोल्हापूरपर्यंतची मोकळी चाल द्यावी. तेलही केवळ किलोमीटर मोजून नव्हे, तर महिने मोजून बदलावे.

उताराची गोष्ट तर जिवाची आहे. पेट्रोल वाचविण्यासाठी घाटात इंजिन बंद करणे किंवा गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे, ही सवय आजच टाकावी. साऱ्या गाडीचा भार मग ब्रेकवर पडतो. ते तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात. ज्या गिअरमध्ये चढ चढला, त्याच गिअरमध्ये उतरावे. क्लचवर पाय ठेवून बसू नये. घाटमाथ्यावर पोहोचताच इंजिन बंद न करता क्षणभर चालू ठेवावे, म्हणजे पाणी फिरून उष्णता उतरते.

एकदा झिजलेली रिंग चांगल्या सवयींनी भरून येत नाही, आणि गंज व रबर यांचे वय कोणाला थांबविता येत नाही. निळा धूर दिसू लागला, तर इंजिन तेल जाळीत आहे असे समजून मिस्त्री गाठावा. पण जे अजून शाबूत आहे, ते जपणे आपल्या स्वाधीन आहे. त्यासाठी पैसा लागत नाही. कान आणि पाय जागे ठेवावे लागतात. दवाखान्याच्या वाटेवर निघालेल्या रात्री त्याचा उपयोग कळतो.